पणजोबा पलटणीच्या बँडमध्ये होते: कागद कुठे आणि कसे शोधायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा 'मराठा पलटणीत' होते आणि बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं छोटं पितळी वाद्य, वाजवायचे. घरात एक पांढऱ्या धातूचं गोल पदक, गणवेशातला एक फोटो आणि चेपलेलं कॉर्नेट एवढंच शिल्लक आहे. सैन्याने त्यांना विलायतेला पाठवून संगीत शिकवलं, असं घरात सांगतात. हे खरं असेल का, आणि नोकरीचे कागद कुठे मिळतील?

कागदांत वादक शोधायला गेलात तर बहुधा हाती काही लागणार नाही. शिपाई शोधा. ब्रिटिश अमलातल्या हिंदी पलटणीत सरकारमान्य वादक म्हणजे मुख्यतः बिगुलवाले आणि ड्रमवाले. त्यांचं काम इशारे देण्याचं होतं, करमणुकीचं नव्हतं. पितळी आणि लाकडी वाद्यांचा मोठा बँड हा बऱ्याच अंशी पलटणीचा खासगी मामला असे. गोरे अधिकारी दरमहा वर्गणी भरत, त्या बँड फंडातून वाद्यं आणि स्वरलिपीचे कागद विकत येत आणि बँडमास्टरचा पगारही भागे. बँडमधली माणसं मात्र पटावर साधे शिपाई असत. त्यामुळे हजेरीपटावर किंवा पदकावर तुमच्या पणजोबांचा हुद्दा 'शिपाई' असा दिसला, तर ती बँडची गोष्ट खोटी ठरत नाही. उलट तेच अपेक्षित आहे. म्हणून नोकरीचा शोध आणि संगीतशिक्षणाचा शोध वेगवेगळे करा. नोकरी आधी.

नोकरीच्या शोधासाठी तीन गोष्टी हव्यात: पलटणीचा आकडा, शिपायाचा नंबर आणि गाव-तालुका. नाव चौथ्या क्रमांकावर येतं, कारण एकाच पलटणीत एकाच नावाची अनेक माणसं असत आणि इंग्रजी कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते स्पेलिंग लागे. भोसलेंचं 'भोन्सले', जाधवांचं 'जाधाओ' हे नेहमीचंच. नंबरावरही एकट्यावर विसंबू नका. तो त्या पलटणीपुरताच असे, म्हणजे तोच आकडा दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा असू शकतो.

आता पदक. ते घासून चमकवू नका, ब्रासो तर मुळीच लावू नका. कडेवर, म्हणजे जाडीवर, अक्षरं असतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरपा धरला की पुसट अक्षरंही उठून दिसतात. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशा क्रमाने मजकूर सापडतो. चांदीच्या पदकाच्या एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार असेल, 1914 आणि 1918 ही सालं असतील, तर ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. हेच पदक काशाचं असेल तर माणूस लढाऊ शिपाई नसून मजूर तुकडीत किंवा बिनलढाऊ नोकरांत असण्याची शक्यता मोठी. मागे सिंह उभा असेल आणि 1939–1945 असं कोरलेलं असेल तर दुसरं महायुद्ध. ते पदक पांढरं दिसत असलं तरी सहसा चांदीचं नसतं. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटनने आपल्या सैनिकांना नाव न कोरता दिली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नावं कोरली गेली. आपल्याकडच्या शोधकाला मिळालेली ही मोठी सवलत आहे आणि फार थोडे लोक तिचा फायदा घेतात.

कडेवर पलटणीचा आकडा दिसला की तो कोणत्या काळातला ते पाहायचं. मुंबई सैन्यातल्या पलटणींच्या आकड्यांत 1903 साली शंभर मिळवले गेले: 3ची 103 झाली, 17ची 117. मग 1922मध्ये मराठा पलटणी एकत्र करून '5वी मराठा लाइट इन्फंट्री' रेजिमेंट झाली. 103 ही तिची पहिली बटालियन, 105 दुसरी, 110 तिसरी, 116 चौथी, 117 पाचवी आणि 114 ही प्रशिक्षण बटालियन, म्हणजे दहावी. पहिलीला 'जंगी पलटण' आणि दुसरीला 'काली पाँचवी' म्हणतात, ही नावं तुमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी आली असतील तर लगेच लिहून ठेवा. आकड्यापेक्षा टोपणनाव जास्त टिकतं.

आणि 'मराठा पलटण' या शब्दांवर फार भार टाकू नका. मराठी माणूस फक्त मराठा लाइट इन्फंट्रीत नव्हता. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्करी इंजिनिअर शिपाई होते, पायोनियर पलटणी होत्या, ग्रेनेडियर्स होते, 1917 साली उभी राहिलेली आणि 1921मध्ये मोडलेली 111वी महार पलटण होती, आणि मग 1941च्या ऑक्टोबरात बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट. याशिवाय बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर या संस्थानांची स्वतःची सैन्यं आणि स्वतःचे बँड होते. पणजोबा संस्थानी फौजेत असतील तर ब्रिटिश कागदांत त्यांचा माग जवळजवळ लागत नाही. मग कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात किंवा बडोद्याच्या दप्तरात जावं लागतं. तिथे एक सुखद फरक दिसतो: संस्थानात बँड हा दरबारी खर्चाचा भाग असल्यामुळे पगारपत्रकं आणि वाद्यखरेदीच्या नोंदी सापडण्याची आशा जास्त असते.

फोटोकडे वळू. समोरचा भाग सगळे पाहतात, मी आधी मागची बाजू पाहतो. स्टुडिओचा शिक्का असेल तर छावणीचं गाव कळतं: बेळगाव, पुणे कॅम्प, अहमदनगर, महू. समोर खांद्यावर चंद्रकोरीसारखे पंख शिवलेले दिसले किंवा बाहीवर लायर या तंतुवाद्याचं चिन्ह दिसलं, तर माणूस बँडमधला, हे जवळजवळ नक्की. खांद्याच्या पट्टीवर धातूचा आकडा किंवा अक्षरं असतील तर तो भाग मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन करा. बिल्ल्यावर नुसता बिगुल दिसतोय म्हणून 'ते बिगुलवाले होते' असा निष्कर्ष काढू नका. बिगुल हे सगळ्या लाइट इन्फंट्रीचं चिन्ह आहे. हातात बॅगपाइप असेल तर गोष्ट वेगळी, कारण पाइप बँड आणि ब्रास बँड यांची शिकवणी वेगळी चाले.

आता कागदांचं प्रत्यक्ष ठिकाण. लंडनला सगळं आहे हा समज इंटरनेटने पक्का केलाय. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या दप्तरात गोरे अधिकारी, गोरे सैनिक आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी भरपूर आहेत. हिंदी शिपायांच्या वैयक्तिक नोकरीच्या फायली तिकडे गेल्याच नाहीत, त्या रेजिमेंटकडे राहिल्या. पंजाबी सैनिकांची मोठी यादी काही वर्षांपूर्वी ऑनलाइन आली, तिच्यात मराठी नावं शोधत रात्री घालवणारे लोक मला भेटतात. ती लाहोर संग्रहालयातल्या नोंदवह्यांवरून केलेली पंजाबपुरती यादी आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी फक्त मृतांची. पणजोबा घरी परतले म्हणजे ते तिच्यात नाहीत. पण त्यांचा भाऊ किंवा गावातला सोबती आजच्या इराकमधल्या बसऱ्याच्या बाजूला मरण पावला असेल तर ही यादी जरूर बघा. बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदींत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि 'रत्नागिरी' किंवा 'सातारा' असा जिल्हा लिहिलेला असतो. एकाच गावची माणसं बहुधा एकाच पलटणीत भरती होत, त्यामुळे सोबत्याची पलटण सापडली की पणजोबांच्या पलटणीचा अंदाज बांधता येतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारखी गावं तर 'मिलिटरी' हे बिरुदच नावापुढे लावतात. पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले' अशी दगडी पाटी बसवली गेली. तुमच्या गावात ती चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत असेल, कधी चुन्याखाली दडलेली.

भारतातली मुख्य जागा म्हणजे रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. तिथले दोन शब्द माहीत असू द्या: शीट रोल आणि लाँग रोल. शीट रोल म्हणजे एका सैनिकाची पूर्ण नोंद: भरतीची तारीख, बढत्या, कोर्स, शिक्षा, रजा, वारस. लाँग रोल म्हणजे भरती झालेल्यांची मोठी वही, माणसागणिक एक-दोन ओळी. ज्याला निवृत्तिवेतन मिळालं नाही त्याचा शीट रोल साधारण 25 वर्षांनी नष्ट करण्याची पद्धत आहे, लाँग रोल मात्र जपून ठेवतात. म्हणून अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. लाँग रोलमधली नोंद मागा. पेन्शन असेल तर पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओचा नंबर घरातल्या ट्रंकेत शोधा, कारण त्या नंबराने दारं भराभर उघडतात. डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारं पुस्तक, सापडलं तर फारच उत्तम. त्यात शेवटी वर्तणुकीचा शेरा असतो आणि कुठले कोर्स केले तेही असतं. संगीताच्या शिक्षणाचा लेखी पुरावा मिळालाच तर बहुतेक तिथेच मिळेल.

गावातले कागदही कमी लेखू नका. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू आहेत. फेरफाराच्या नोंदींत 'लष्करात नोकरीस' किंवा सैनिक म्हणून मिळालेल्या जमिनीचा उल्लेख येतो. आणि सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे पणजोबांच्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. तिथे जन्मठिकाण म्हणून 'बेळगाव कॅम्प' किंवा 'महू' लिहिलेलं असतं, तारखेसह. चार भावंडांचे दाखले एकापुढे एक मांडले की बटालियन कोणत्या वर्षी कुठल्या छावणीत होती त्याच्याशी ते जुळवून पाहता येतात. पलटण ओळखायची माझी ही सगळ्यात आवडती वाट आहे.

पणजोबा जमादार किंवा सुभेदार झाले असतील तर इंडियन आर्मी लिस्टमध्ये नाव मिळेल. ही अधिकाऱ्यांच्या नावांची छापील पुस्तकं आहेत, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांतल्या बऱ्याच ऑनलाइन ठेवल्या आहेत. शिपाई, नाईक, हवालदार यांत येत नाहीत. बटालियन काय करत होती हे कळण्यासाठी वॉर डायऱ्या आहेत, लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि दिल्लीतल्या राष्ट्रीय अभिलेखागारातही. त्यांत शिपायांची नावं क्वचित, पण दिवसागणिक हालचाल आहे. समजा पदकावर 103, 110 किंवा 117 असेल, तर या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत गावाच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 हा तो काळ, शेवटी शरणागती. मग पणजोबा वेढ्यात होते, की आधीच जखमी होऊन परत आले, की मागाहून भरती झाले, हा नवा प्रश्न उभा राहतो आणि नंबरावरून भरतीच्या काळाचा अंदाज घ्यावा लागतो. लढाईवर जाताना बँडवाले सहसा वाद्यं मागे ठेवून जखमींना उचलण्याचं काम करत. त्यामुळे घरच्या आठवणीत 'डोलीवाले होते' आणि 'बँडवाले होते' या दोन गोष्टी भांडत असतील, तर दोन्ही खऱ्या असू शकतात.

विलायतेच्या गोष्टीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पुरावा मिळेपर्यंत मानू नये. लंडनजवळ ट्विकनमच्या बाजूला नेलर हॉल नावाची वास्तू आहे. क्रिमियन युद्धाच्या वेळी 1854 साली तुर्कस्तानातल्या स्कुटारीला राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात ब्रिटिश पलटणींच्या बँडांनी राष्ट्रगीत वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवलं आणि अब्रू गेली, अशी कथा सांगतात. त्यातून 1857 साली तिथे लष्करी संगीताचं शिक्षण सुरू झालं, 1887मध्ये संस्थेला 'रॉयल मिलिटरी स्कूल ऑफ म्युझिक' हे नाव मिळालं आणि 2021मध्ये ती तिथून पोर्टस्मथला हलली. पण तिचं काम ब्रिटिश पलटणींसाठी वादक आणि बँडमास्टर तयार करणं हे होतं. 1947च्या आधी एखादा मराठी शिपाई तिथे शिकला असेल तर तो इतका मोठा अपवाद की त्याचा कागद पलटणीने मिरवला असता. घरची गोष्ट कुठून आली असेल, याला मात्र सोपं उत्तर असू शकतं. राज्याभिषेकाच्या किंवा विजयाच्या संचलनासाठी हिंदी सैन्याच्या तुकड्या इंग्लंडला नेत. 1902 आणि 1911च्या राज्याभिषेकाला, 1919च्या शांतता संचलनाला. त्यांचा तळ हॅम्प्टन कोर्टला पडे, म्हणजे नेलर हॉलपासून काही मैलांवर. पणजोबा खरंच विलायतेला गेले असतील आणि बँडमध्येही असतील, दोन पिढ्यांनंतर त्याचं 'विलायतेला जाऊन शिकले' व्हायला वेळ लागत नाही.

मग शिकले कुठे? बहुधा पलटणीतच. अनेकजण पोरवयातच बँडमध्ये येत. आझाद हिंद फौजेचे संगीतकार कॅप्टन रामसिंह ठाकुरी हे याचं प्रसिद्ध उदाहरण: किशोरवयात गुरखा रायफल्सच्या बँडमध्ये मुलगा म्हणून भरती झाले आणि तिथेच घडले. छावणीत शिपायांच्या मुलांना बिगुलवर किंवा ड्रमवर घेण्याची रीत जुनी होती. शिकवणारा बँडमास्टर कधी गोरा, कधी अँग्लो-इंडियन, आणि आपल्या भागात पुष्कळदा गोवेकर. यामागे धोरणही होतं. ईस्ट इंडिया कंपनीने 1795 साली ठरवलं की आई-बाप दोन्हीकडून युरोपीय नसलेल्यांना गोऱ्या सैन्यात घ्यायचं नाही, अपवाद फक्त बासरीवाले, ड्रमवाले, बँडवाले आणि नालबंद. म्हणजे मिश्रवंशीय ख्रिस्ती माणसाला सैन्यात शिरायला वाद्य हा एक उघडा दरवाजा राहिला. गोव्यात तर चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. त्यामुळे गोवेकर वादक सैन्यात संगीत 'शिकला' असं क्वचितच घडलं. तो शिकून आला होता, म्हणूनच त्याला घेतलं. तुमच्या घराण्यात गोव्याची बाजू असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, बाप्तिस्म्याची नोंद. दुसरी, ते सैन्य ब्रिटिशांचं होतं की पोर्तुगिजांचं, कारण पणजीतल्या पोर्तुगीज फौजेलाही बँड होता आणि ते कागद पूर्णपणे वेगळ्या रांगेत आहेत.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट असेल तर काम सोपं होतं. ऑक्टोबर 1950मध्ये जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने लष्करी संगीताचं केंद्र सुरू झालं, ते आज आर्मी एज्युकेशन कोअरच्या पंचमढीच्या केंद्रात आहे. तिथे बँडमास्टर होण्यासाठीचा लांबलचक अभ्यासक्रम चालतो. तुमच्या आजोबांच्या पिढीतलं कोणी वादक असेल तर डिस्चार्ज बुकात पंचमढीचा उल्लेख शोधा.

शेवटी कॉर्नेट, ज्याकडे तुम्ही फार लक्ष दिलेलं दिसत नाही. नळीवर किंवा घंटेवर, म्हणजे पुढच्या पसरट तोंडावर, 'बूझी', 'हॉक्स' किंवा 'बेसन' यांपैकी एखाद्या कारखान्याचं नाव आणि एक नंबर कोरलेला असेल. बूझी आणि हॉक्स या कंपन्या 1930 साली एक झाल्या, त्यामुळे या दोघांपैकी एकाचंच नाव असेल तर वाद्य बहुधा त्याच्या आधीचं. या कारखान्यांच्या जुन्या खतावण्या आता लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत. नंबर कळवला तर वाद्य साधारण कधी बनलं ते समजू शकतं. आणखी एक खूण कानाने ओळखायची: ब्रिटिश लष्करी बँड 1920च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या पट्टीत वाजवत, 'ए' हा सूर सेकंदाला सुमारे 452 कंपनांचा. आजच्या हार्मोनियमशी हे कॉर्नेट लावून पाहा. सूर हार्मोनियमच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या सुमारे निम्म्याने चढा येत असेल आणि ट्यूनिंगची नळी पूर्ण ओढूनही उतरत नसेल, तर ते त्या जुन्या पट्टीतलं असण्याची शक्यता आहे. पण पलटणीचं वाद्य बँड फंडाच्या मालकीचं असे, निवृत्त माणूस ते घरी नेत नसे. ते तुमच्या घरात आहे याचा अर्थ एकतर त्यांनी ते लिलावात घेतलं, नाहीतर निवृत्तीनंतर लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला विकत आणलं. म्हणून शेजारच्या तालुक्याच्या गावातल्या जुन्या बँड कंपनीच्या घरीही एकदा चौकशी करा. त्यांच्या जुन्या पेट्यांत पलटणीचा शिक्का असलेली मार्च कार्डं निघाली तर मला नवल वाटणार नाही. वाद्याला अडकवलेल्या छोट्या क्लिपमध्ये बसणारी, पोस्टकार्डाएवढी, एका वाद्याच्या स्वरलिपीची ती कार्डं. त्यावरचा रबरी शिक्का पदकाच्या कडेइतकाच बोलका असतो.

रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिताना एका पानात आटपा. पणजोबांचं पूर्ण नाव, सगळी शक्य स्पेलिंगं, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, पदकावरचा मजकूर जसाच्या तसा, भरतीचा अंदाजे काळ, आणि तुमच्यापर्यंतची वंशावळ. सोबत पदकाच्या कडेचा आणि फोटोच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडा. बँडचा उल्लेख शेवटच्या ओळीत करा, नाहीतर कारकून बँडच्या यादीत शोधेल आणि नाही म्हणून कळवेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र पुढे पाठवता आलं तर उत्तर लवकर येतं, असा माझा अनुभव आहे. 'नोंद आढळत नाही' असं उत्तर आलं तर लगेच माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. आधी 1922च्या आधीचा आकडा आणि नंतरची बटालियन अशी दोन्ही नावं देऊन पुन्हा विचारा, आणि तरीही नकार आला तर खडकीच्या सॅपर्सच्या रेकॉर्ड ऑफिसला तेच पत्र पाठवा.